लाल माशाची शेपटी

गल्लीत सगळे त्यांना घणकाका म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी इमारती पाडल्या. भिंतीसमोर दोन मिनिटं उभं राहिलं की पहिला घाव कुठे घालायचा ते त्यांना कळायचं. ती एक जागा फुटली की उरलेली भिंत आपण होऊन गुडघे टेकते, असं ते सांगत. माणसांकडे बघतानाही त्यांची नजर तशीच चाले, तेवढं वाईट. मुलगी तिसरीत असताना त्यांनी एका मुकादमाचा जबडा तीन ठिकाणी मोडला आणि नऊ महिने आत काढून आले. मुकादम अजून पातळच खातो म्हणतात.

असा माणूस म्हातारपणी काचेच्या नादी लागला. शेवटच्या कामावर, एका जुन्या नाट्यगृहाच्या जिन्यात, रंगीत काचांची खिडकी होती. तिच्यावर घण घालायला त्यांचा हात धजेना. त्यांनी ती उतरवली आणि पोत्यात भरून घरी आणली. कोपऱ्यावरच्या काचवाल्याने त्यांना कटर धरायला शिकवलं.

"एकदाच ओढायचं, घणकाका. बारीक ओरखडा उठला की झालं. पुन्हा त्यावरून गेलात तर काच कुठेही जाईल."

"आणि नाही तुटली तर?"

"जरा दमानं घ्यायचं."

"तेवढं सोडून सांग."

त्यांना निळ्या पाण्यात एक लाल मासा करायचा होता. पाणी झालं, पोट झालं, डोळाही झाला. शेपटीपाशी गाडं अडलं. तिला आतल्या बाजूने वळण होतं. असं वळण एका दमात निघत नाही, पकडीने कण कण कुरतडावं लागतं. घणकाका जोर लावायचे आणि काच मधोमध तडकायची. सात तुकडे गेले. पाचव्याला त्यांनी पकड भिंतीवर फेकली, सहाव्याला दारावर ठोसा मारला. दाराला भोक पडलं आणि बोटांची सालटी निघाली. सातव्याला जी शिवी हासडली, ती ऐकून समोरच्या बिऱ्हाडाने खिडकी लावून घेतली.

त्याच आठवड्यात मुलगी घरी आली. ओठाला दोन टाके होते, गळ्यावर बोटांचे पाचही वळ होते, आणि डाव्या कानाने काही ऐकू येत नव्हतं. घणकाका आत गेले आणि घण घेऊन बाहेर आले. ती दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, बारा दिवसांनी तारीख आहे. तुमचा हात उठला की माझी केस संपली. वकीलबाई म्हणाल्यात, त्याला हेच हवंय. सासरा मारकुटा, जुना गुन्हेगार, पोरगी खोटारडी. मग मला परत त्याच्याच दारात नेऊन सोडाल?"

घणकाकांनी घण नेऊन काचवाल्याच्या दुकानात ठेवला.

"परत मागायला आलो तर देऊ नकोस."

"आणि मला मारलंत तर?"

"तर दे."

त्यानंतर ते टेबल सोडून उठलेच नाहीत. पकडीने कुरतडताना दात करकरायचे, मानेची शीर टरारायची. पण अकराव्या दिवशी सकाळी शेपटी निघाली. शिशाच्या पट्टीत बसवून त्यांनी तिला डाख दिला. पहिल्यांदाच ते मुलीला हाक मारून "बघ" म्हणाले.

दुपारी जावई आला. इस्त्रीचा शर्ट, आवाज गोड, आणि खिशात मोबाइल असा उभा की कॅमेरा बाहेर डोकावत होता. मुलगी आतल्या खोलीत होती.

"काय सासरेबुवा, काचा चिकटवताय? घण विकलात वाटतं!"

घणकाकांनी मान वर केली नाही.

"कानाखाली वाजवली तेव्हा कसा आवाज आला, सांगू? तुमच्याच माशासारखी तडफडत होती."

घणकाकांनी आता वर बघितलं. डाव्या खांद्यापाशी, गळ्याचं हाड. तिथे एक घाव बसला असता तर हा सगळाच्या सगळा खाली आला असता. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली की नखांतून रक्त आलं.

ते उठत नाहीत म्हटल्यावर जावयाने मासा उचलला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला. एकदा. मग पुन्हा. दुसऱ्या वेळी निळ्या काचेची लांब सुरी त्याच्याच मनगटात खोल घुसली. रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. तो खाली बसला आणि नवलाने हाताकडे बघत राहिला.

मुलगी धावत बाहेर आली. नवरा जमिनीवर होता, पण ती बघत होती ती वडिलांच्या हातांकडे.

आता हात उचलायचीही गरज नव्हती. नुसतं उभं राहिलं असतं तरी काम झालं असतं. दोन श्वास घणकाका नुसते उभे राहिले. मग त्यांनी गुडघा जावयाच्या छातीवर रोवला आणि जखमेच्या वर त्याचा हात असा आवळला की तो गुरासारखा ओरडला.

"ओरड! ओरडतोयस तोवर जिवंत आहेस. पोरी, गाडी बोलव!"

दवाखान्यात शुद्धीवर येताच जावई म्हणाला, "म्हाताऱ्यानं भोसकलं." हवालदाराने घणकाकांचा रक्ताने थबथबलेला सदरा बघितला. जुनं प्रकरण त्यालाही ठाऊक होतं.

"काय काका, पुन्हा?"

मुलीने नवऱ्याचा मोबाइल हवालदारासमोर ठेवला. झटापटीत तो खाली पडला होता, पण रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. हवालदाराने सगळं दोनदा बघितलं, कानाखालच्या आवाजाची फुशारकीसुद्धा. मग तो कॉटकडे वळला आणि म्हणाला, "साहेब, जबाब नीट आठवून द्या आता."

दुसऱ्या दिवशी कोर्टाने जावयाला या घराच्या आसपास फिरकायला मनाई केली.

पायऱ्या उतरताना मुलीने विचारलं, "बाबा, गाडी यायला किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं."

"सोडून द्यावासा नाही वाटला त्याचा हात?"

"सारखा," घणकाका म्हणाले. "चल, बस येईल."