अमावास्येला केलेली पाहणी

मंडळी, सांगलीच्या सायबर कॅफेतून लिहिते आहे. आज काय झालं ते क्रमाने:

१. शहराचा नवा आराखडा हरकतींसाठी लागला आहे.
२. त्यात मोटार रिवाइंडिंगची गल्ली पिवळी, म्हणजे फक्त राहण्यासाठी, दाखवली आहे.
३. हा रंग ज्या पाहणीवरून ठरला, ती कॉलेजात असताना आपणच केली होती. तक्त्यावर माझं अक्षर आहे: 'सर्व घरे, व्यवसाय नाही.'

दुपारी गल्लीत गेले. अकरा दुकानं उघडी होती. आटपाडीहून जळालेला पंप आला होता. रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या सुमनमावशी त्याचं वाइंडिंग भरत होत्या, शेजारी लेथवर त्याचाच शाफ्ट चढला होता आणि तांब्याची तार समोरच्या दुकानातून आली होती.

मी तक्त्याचं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "आवं मॅडम, तुमी आला तवा आमुशा हुती. त्या दिशी हितं कुणी शटर उघडत न्हाई. कॉलेजात कॅलेंडर नसतंय व्हय?"

सगळे हसले. मग त्याच म्हणाल्या, "आता परवाना मिळायचा न्हाई. शहराबाहेर जावं लागलं, तर मी एकीकडं, लेथवाला दुसरीकडं. पंपवाल्यानं दिवसभर फिरायचं का?"

तिथून मी थेट नगररचना कार्यालयात गेले.

चूक माझी होती, असं मी लेखी देणार आहे. पण एकटीच्या सहीवर पाहणी बदलणार नाही, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी तुमच्यापैकी चौघे माझ्याबरोबर होते. हरकतींची मुदत शुक्रवारी संपते. सही करणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवा. नकार असेल, तरी कळवा.