आवाज येतोय तरी कुठून?

माझ्या थोरल्या साडूंचा स्वतःच्या कानांवर जेवढा विश्वास होता, तेवढा अख्ख्या खानदेशात कुणाचा देवावरही नसेल. जळगावच्या एका डाळमिलवर त्यांनी फोरमन म्हणून उमर काढली. यंत्राच्या कुरकुरीवरून त्याचं दुखणं ओळखायची तिथं लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. कुणाच्या घरी गेले की यजमानांच्या आधी ते पंख्याची विचारपूस करायचे. आमच्या धुळ्याच्या घरी चटणी वाटणं चालू असताना "आतलं बुश झिजलं याचं" म्हणत त्यांनी मिक्सरच उघडून ठेवला, आणि आम्ही त्या दिवशी चटणीशिवाय जेवलो. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना ते जनरेटरकडे तोंड करून अक्षता टाकत होते. मी त्यांना भाऊ म्हणतो. एरवी फार भला माणूस.

तर अशा या भाऊंचा गेल्या वर्षी ऐन मे महिन्यात फोन आला. "पाव्हणे, घरमा कसला तरी आवाज येस. बारीक, शिट्टीसारखा. कुठून येस ते समजत नही. तुम्ही या." मी जळगावला पोचलो तो घराचा मेन स्विच बंद, इन्व्हर्टरच्या वायरी काढलेल्या, फ्रिजमधलं दूध शेजारी पाठवलेलं, आणि भाऊ घामाने निथळत भिंतीला कान लावून उभे. "सगळं बंद करेल शे, तरी चालूच!" मी श्वास रोखून ऐकलं. मला फक्त गल्लीतला भाजीवाला ऐकू आला. तसं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि अक्कांना, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला, विचारलं. अक्का मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "हो, येस ना. बारीक येस." आता दोघांना येतोय म्हटल्यावर माझीच पंचाईत झाली. मीही भिंतीला कान लावला. काही वेळाने मला आवाज येत होता की नव्हता, ते मला आजही सांगता येणार नाही.

वायरमन येऊन खांबावर चढून गेला. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा टीव्ही तपासून झाला. शेवटी "शहरच खराब झालं" असा निकाल देऊन भाऊ मला घेऊन शिंदखेड्याजवळच्या आपल्या शेतावर निघाले. तिथं ना वीज, ना माणूस. बांधावर उतरून त्यांनी कान टवकारले आणि ओरडले, "इथंबी शे!" आधी संशय माझ्या गाडीवर गेला. मी इंजिन बंद केलं, भाऊंनी बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर काढली. मग ते निंबाखाली जाऊन बसले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. बोटं घातल्यावर आवाज कमी व्हायला हवा होता, तो वाढला. त्यांनी बोटं काढली, पुन्हा घातली. मग अगदी हळू म्हणाले, "पाव्हणे, हाई ते मना कानमाच शे." दुसऱ्याच्या यंत्रातला दोष सांगताना चढणारा तो रुबाब तेव्हा कुठल्या कुठे गेला होता.

त्यानंतर उपायांचा पूर आला. सावद्याच्या व्याह्यांनी केळीच्या ट्रकबरोबर लसूण उकळलेलं तेल पाठवलं. समोरच्या मारवाडी दुकानदाराने भ्रामरी शिकवली. भाऊ सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून भुंग्यासारखे गुंजायला लागले, तेव्हा अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता मात्र घरमा खराच आवाज येस." दिवसेंदिवस भाऊंचं बोलणं कमी होत गेलं. पत्ते सुटले, लग्नकार्याला जाणं सुटलं. मग मात्र अक्कांनी आणि मी त्यांना जवळजवळ ओढतच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीण तरुण होती. तपासण्या झाल्यावर तिने सांगितलं, "काका, एवढी वर्षं यंत्रांच्या गोंगाटात राहून तुमचं ऐकणं कमी झालंय. बाहेरचं जे येईनासं झालं, त्या जागी मेंदू स्वतःच आवाज भरतो. तो पुसून टाकेल असं औषध नाही. पण कानाचं मशीन लावा, आसपास हलका आवाज राहू द्या. हळूहळू त्रास कमी वाटतो. आणि ते तेल कानात नको, भाजीत घाला."

"म्हणजे दुसऱ्या कुणाला हा ऐकूच येणार नाही?" भाऊंनी विचारलं.

"नाही."

भाऊ गोंधळून अक्कांकडे वळले. "मंग तुले कसा येस?"

अक्कांनी पदर सारखा केला. "माले नही येस. पण तुम्ही एकलाच ऐकतस, ते माले बरं नही वाटनं."

डॉक्टरीण लिहायची थांबली. मी भिंतीवरचं कानाचं चित्र बघत बसलो.

'हलका आवाज' या शब्दांचा भाऊंनी लावलेला अर्थ म्हणजे कूलर. भर डिसेंबरात, पाणी न भरता, तो घरघरत असायचा आणि अक्का स्वेटर घालून, कानटोपी बांधून पोळ्या लाटायच्या. मशीनला मात्र त्यांनी पुष्कळ विरोध केला. यंत्राचं ऐकणाऱ्या माणसाने यंत्रातून ऐकायचं, हे त्यांना पटेना. शेवटी लावलं, आणि स्वतःच्याच चपलांच्या आवाजाने दचकले. मग अक्कांना म्हणाले, "तू इतली जोरमा काबं बोलस?" अक्कांना आवाज खाली आणायला बरेच दिवस लागले. इतकी वर्षं आपण ओरडत होतो, हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

परवा मी फोन केला. भाऊ खुशीत होते, नातीच्या सायकलची चेन बसवत होते. सहज विचारलं, "भाऊ, तो आवाज काय म्हणतो?" पलीकडे चेनचा आवाज थांबला. मग ते म्हणाले, "शे ना. चालूच शे. सकाळपासून ध्यानच नव्हतं पण. तुम्ही कशाला आठवण करी दिनी?"

तेव्हापासून मी विचारत नाही. फोनवर पिकापाण्याचं बोलतो, नातीचं विचारतो. मध्येच ते बोलता बोलता थांबतात, तेव्हा तो आवाज पुन्हा ध्यानात यायच्या आत मी घाईघाईने काहीतरी बोलत राहतो.