दाराबाहेरचे जोड

आखातात, अल नहदातल्या आमच्या टॉवरचा कॉरिडॉर एक नेपाळी माणूस गमबूट घालून पुसायचा. दाराबाहेरच्या चपला तो पायानं ढकलत नसे. पुसून झालं की वाकून पुन्हा जोडीनं लावायचा. सुदानी मास्तरांचे होडीएवढे बूट, फिलिपिनो नर्सचे पांढरे शूज, माझी कोल्हापुरी. आमची नावं त्याला ठाऊक नव्हती, आणि त्याचं आम्हाला. "अंदर कौन है, जूता बताता है, साब," म्हणायचा.

गावी आई गेली तेव्हा माझा पासपोर्ट रिन्यूअलला अडकला होता, जाता आलं नाही. संध्याकाळी सगळा मजला आमच्या हॉलमध्ये येऊन बसला. उशिरा आलेल्या कुणासाठी मी दार उघडलं. बाहेर सगळे जोड सरळ ओळीत लावलेले होते. ओळीच्या शेवटी त्याचे ओले गमबूट होते.