माग झाकला त्या दिवशी

आमचं घर म्हणजे एक खोली, आणि खोलीच्या मधोमध खड्डा. खड्ड्याच्या काठावर बसून, पाय आत सोडून, पायांनी पावड्या दाबत बाबा माग चालवत. साडी विणून उतरली की गांधीबागेच्या कापडबाजारात जाई, तेव्हा आमची चूल पेटे. भिंती ओल खाऊन फुगलेल्या, कौलं दर पावसाळ्यात दोन-चार कमी. पण घर जमिनीवर होतं म्हणून खड्डा होता, आणि खड्डा होता म्हणून पोट भरत होतं. इतकी सरळ गोष्ट कार्पोरेशनातल्या शहाण्यांना कोण समजावणार?

मी दहावीत होते तेव्हा आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यासाठी पैसा मंजूर झाला आणि वाद पेटला. आमचे नगरसेवक म्हणत, आहेत त्या घरांची डागडुजी करा, भिंती, कौलं, नाल्या नीट करून द्या. दुसरा गट म्हणे, ही खुराडी पाडा आणि चार मजली गाळे बांधा. घरात नळ, घरात संडास! आई त्या नळाच्या गोष्टीनं पार विरघळली होती, खोटं काहून बोलू? पण तिसऱ्या मजल्यावर खड्डा कुठं खणणार? खणलाच तर तुझ्या बापाचे पाय खालच्या बिऱ्हाडाच्या वरणात, असं शेजारचे काका म्हणत. सगळे हसत, पण जीव सगळ्यांचाच टांगणीला लागला होता.

मग कळलं की आधी सर्वे होणार, साहेब घरोघर येऊन पाहणार. आता आमच्यात रीत अशी, की पोरगी पाहायला पाहुणे आले की माग दोरांनी आढ्याला वर बांधायचा, त्यावर जुनं लुगडं टाकायचं, खड्ड्यावर फळ्या आणि फळ्यांवर सतरंजी. एकुलती एक खोली, पाहुण्यांना बसवणार कुठं? साहेब येणार म्हटल्यावर आईनं तेच केलं. मी तिला दोर ओढू लागले. जमीन सारवली, पोहे केले. बाबा तेव्हा साडी द्यायला गेले होते.

साहेब नेमके खड्ड्यावर मांडी घालून बसले. पोहे खाता खाता वही उघडली. आई मागच्या पडवीत चहा टाकत होती, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "घरात काही धंदा चालतो का?"

सकाळी मागासाठी कांड्यांवर सूत भरून शाळेत गेलं की माझ्या केसांत सूत अडकलेलं असायचं, आणि वर्गातल्या पोरी मला कांडीवाली म्हणायच्या. साहेबांच्या मनगटावर घड्याळ होतं, कपडे इस्त्रीचे होते. मी म्हटलं, "नाही."

लाज, दुसरं काय! मेली लाज. साहेबांनी लिहून घेतलं. त्यानंतर कितीदा तरी वाटलं, आईला सांगावं, निदान आजारी पडावं. अभ्यासाचं पुस्तक उघडलं की ती वहीच दिसायची. बाबा घरी यायच्या आत माग पुन्हा खाली आला होता, म्हणून ते मात्र निर्धास्त होते. साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं ना, आता डागडुजीच होते, असं सगळ्यांना सांगत होते.

कार्पोरेशनात यावर सभा झाली, त्या दिवशी त्यांनी मला सोबत नेलं. तिथली शुद्ध भाषा तुले समजते, म्हणाले. वर गॅलरीत आम्ही कठड्याला धरून बसलो. आमचे नगरसेवक मागांवरच बोलले, चांगलं बोलले. मग दुसऱ्या गटाचे एक उठले आणि त्यांनी सर्वेचा कागद वाचला. या मोहल्ल्यात एखाददुसरा सोडला तर माग नाहीत, घरं निव्वळ राहण्याची आहेत. म्हणजे घरोघरी सतरंज्या पडल्या होत्या.

बाबांच्याही ते ध्यानात आलं, ते उभे राहिले. "हायेत, साहेब. झाकले होते."

गॅलरीतल्यांनी बोलायचं नसतं, असं खुर्चीवरून सांगण्यात आलं. शिपायानं बाबांना दंडाला धरून खाली आणलं, मी मागोमाग. गाळ्यांच्या बाजूनं हात वर झाले ते आम्हाला दिसलेही नाहीत, बाहेर पायरीवर बसलेलो असताना कळलं.

बाबा आईवर चिडले नाहीत. पाहुणा आला की झाकतेच माणूस, म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पण इचारायले पाह्यजे होतं वं त्यायनं. एक डाव इचारलं असतं, तर तू सांगतलं असतं ना?"

मी हो म्हटलं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. बाबांनी पुढं कळमन्याच्या बाजारात धान्याची पोती शिवली, हात चालेनासे होईपर्यंत. कोणी माग काहून सोडला म्हणून विचारलं की ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत, माही पोरगी शिकलेली होती, तिनं बराबर सांगतलं असतं, पण त्या साहेबानं इचारलंच नाही.