जुना नट जमा केल्याशिवाय

दाजींच्या दारात पाहुणा उतरला, की ते आधी आपल्या जीपखाली वाकून बघत. डबा किती भरलाय याची खात्री झाली की कमरेवर हात ठेवून उठत आणि मग म्हणत, "या. कवा आलासा?" हा डबा म्हणजे गोडेतेलाचा अर्धा कापलेला पत्र्याचा डबा. इंजिनातलं जुनं ऑइल सोडण्यासाठी खाली एक नट असतो, त्याच्या बरोबर खाली तो पाच वर्षं मांडलेला होता. नट गळत होता. थेंब थेंबच, पण सरकारी कार्यालयाला लाजवील इतक्या नियमितपणे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. गाव कोरेगावच्या पलीकडं, रान उसाचं. सैन्यातून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावात आल्यावर मेजर झाले. ही बढती आमच्या भागात एसटीतून ट्रंक खाली उतरवतानाच मिळते. मेजरांची सगळी नोकरी भांडारात गेली होती. शत्रूशी त्यांची गाठ कधी पडली नाही. ते लढले ते आपल्याच जवानांशी, आणि तेही मोजे आणि चहाचे मग द्यायचे नाहीत म्हणून. या लढाईत ते फारसे हरले नसावेत.

भांडारातला कायदा त्यांनी घरी आणला. जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळत नाही. आक्काला नवी केरसुणी हवी असेल, तर जुनीचा बुडखा दाखवावा लागे. गेलेला बल्ब हातात आल्याशिवाय नवा बल्ब कपाटातून बाहेर येत नसे. आणि जुनं दाखवलं, तरी मेजर ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघत आणि बहुतेक वेळा परत करत. "अजून एक हंगाम निघंल," ते म्हणत. हंगाम म्हणजे कारखान्याचा गळीत हंगाम. उसाच्या मुलखात वर्ष त्यानंच मोजतात.

कोरेगावातला महादू मिस्त्री दर वेळी ऑइल बदलताना तो नट त्यांच्या नाकासमोर धरायचा. "मेजर, आटं बघा. निम्मं झिजल्यात. नट बदला, आन वायसर तर दर खेपंला नवीन पायजे. उद्या ऑइलच्या चेंबरचं आटं गेलं, तर अख्खा चेंबर खाली घ्यावा लागंल."

"पडलाय का? न्हाई नव्हं?" मेजर विचारत. झिजलेला वायसर ते उलटा करून परत बसवायला लावत. घरी आल्यावर थेंब दिसला, की पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून नट आवळत. तरुणपणी तालमीत घालवलेली सगळी वर्षं त्या पाइपावर उतरत. तुम्ही आवळता म्हणूनच आटे जातात, असं महादूनं त्यांना किती वेळा सांगितलं असेल. पण घट्ट करणं आणि दुरुस्त करणं यांत फरक असतो, हे सैन्यानं त्यांना शिकवलं नव्हतं. मी मास्तर असल्यानं मलाही तो फरक उशिरा कळला.

नवा नट मात्र त्यांनी घेतला होता, तांब्याच्या वायसरासकट. मी त्या वेळी बरोबर होतो. महादूच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद दिसला, तोवर मेजरांनी नट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला दोरा गुंडाळला आणि जीपच्या पुढच्या खणात ठेवून दिला. नट स्टोअरात असला की निम्मं काम झालं, असं त्यांचं म्हणणं. उरलेलं निम्मं पाच वर्षं राहिलं. डब्यात साठलेल्या ऑइलनं आळीतल्या सगळ्या फाटकांच्या बिजागऱ्या गुळगुळीत झाल्या, तेवढा काय तो त्यातून समाजाचा फायदा.

त्याच सुमारास आक्काचा उजवा गुडघा धरायला लागला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, सांधा झिजलाय, बदलावा लागेल. बंद पडायच्या आधी काही खूण दिसते का, असं दाजींनी डॉक्टरांना विचारलं. दुखणं हीच खूण, डॉक्टर म्हणाले. दाजी जरा विचारात पडले आणि घरी येऊन म्हणाले, अजून एक हंगाम निघंल.

त्यांनी तिच्याकडं दुर्लक्ष केलं असं मात्र कुणी म्हणू नये. तेल आणलं, पट्टा आणला, आणि जीप तिच्या सेवेला लावली. देऊळ घरापासून चाळीस पावलांवर, तिथंही आक्का जीपमधून जायची. "तुला चालायचं कुठं हाय? गाडी हाय की दारात," दाजी म्हणायचे. आळीतल्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मलाही तसंच वाटायचं. मी माझ्या नोकरीच्या गावाहून, इस्लामपूरहून, भेटायला जायचो, तेव्हा आक्का बसलेली असायची आणि चहा सून आणायची. त्या वर्षांत बहीण चालताना मी कधी पाहिली, हे आज मला आठवत नाही, आणि याची लाज वाटते.

मग आटपाडीकडचं एक लग्न आलं. दाजींनी जवळचा म्हणून आतला रस्ता धरला. दोन्ही बाजूंना बाभळी आणि उघडं माळरान. मी मागं बसलो होतो. समोर ऑइलचा लाल दिवा लागला. मी म्हणालो, दाजी, दिवा. ते म्हणाले, त्याला सवय हाय. पुढच्या वळणावर इंजिनातून असा आवाज आला, की ते स्वतःच थांबले. खाली वाकून बघितलं तर नटाच्या जागी नुसतं भोक, आणि आलो त्या रस्त्यावर लांबवर काळी ओली रेघ.

फाटा दीड किलोमीटर पुढं होता. तिथं ऑइल मिळालं असतं, एसटीही मिळाली असती. मी खण उघडून दोरा गुंडाळलेली पिशवी त्यांच्यापुढं धरली. दाजींनी ती माझ्या हातातून काढून परत खणात ठेवली.

"जुना सापडल्याबिगार नवा कसा काढायचा, मास्तर?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते कमरेत वाकून त्या रेघेवरून मागच्या दिशेला चालायला लागले, नजर डांबरावर. त्यांचा मेव्हणा आणि मास्तर या दोन्ही नात्यांनी मीही मागोमाग नट शोधू लागलो. आक्कानं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती खाली उतरली. "तुमी हुडका. मी जाते फाट्याला, न्हाईतर अक्षता चुकतील," म्हणाली आणि निघाली.

आम्ही बरेच मागं गेलो. नट नव्हता. पाठ मोडली म्हणून मी उभा राहिलो आणि वळून पाहिलं. जीपच्या पुढं रस्त्यावर आक्का चालली होती. उजवा पाय ती गुडघ्यात वाकवतच नव्हती, बाहेरून फिरवून पुढं टाकत होती, आणि दर पावलाला सगळं अंग एका बाजूला कलत होतं. वीसेक पावलं झाली की थांबायची आणि पदर सारखा करायची. परत वीस पावलं, परत पदर. एवढा पदर कुणाचा घसरत नाही.

शेजारी दाजीही उभे राहिले होते. तेही तिच्याकडंच बघत होते. जीपपाशी आले, दोरा दातानं तोडला, नवा नट माझ्या हातात ठेवला आणि बसव म्हणाले. मी जन्मात पाना धरला नव्हता. पण ते निघून गेले होते, साठी ओलांडलेला माणूस पळता येईल तितका पळत.

हातानं फिरेल तेवढा नट फिरवून मी त्यांना गाठलं. आक्का मैलाच्या दगडावर बसली होती. दाजी समोर उभे होते, घामानं भिजलेले.

"एवढं दुखत हुतं, तर बोलायचं न्हाईस व्हय?"

"तुमी नटाला काय म्हणत हुता?" आक्का म्हणाली. "त्योच नेम मी मला लावला. अजून एक हंगाम निघंल."

अक्षता चुकल्याच. त्याच महिन्यात मिरजेला आक्काचा गुडघा बदलला. हंगाम ऐन भरात होता, तोडणीची टोळी रानात येऊन बसली होती, आणि दाजी दवाखान्याच्या व्हरांड्यात. डॉक्टर बाहेर येऊन सगळं नीट झालं म्हणाले, तेव्हा दाजींनी विचारलं, "जुना कुठाय?" डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी मनात म्हटलं, मेजर इथंही जमा करून घेणार. हसू आवरून मी दाजींना बाजूला घेतलं.

"मला बघायचा हुता, मास्तर," ते म्हणाले. "किती झिजला हुता त्यो."

माझं हसू तिथंच गेलं.

त्यानंतर देवळाला जीप गेली नाही. आक्का चालायची आणि दाजी दहा पावलं मागून, तिच्या पायांकडं बघत. गावात कुणाच्याही गाडीखाली थेंब दिसला, की त्याची धडगत नसे. "वायसर दर खेपंला नवा. आटं झिजलं दिसलं की नट बदलायचा. पडायची वाट बगायची न्हाई," हे सगळं ते असं सांगत, की महादूनं हे त्यांच्याकडूनच शिकावं.

एवढं सगळं समजलेला माणूस स्वतःच्या छातीत आठवडाभर कळा येत असताना गप्प राहिला. आक्काला पित्त म्हणून सांगितलं. मला आवाज ओढलेला वाटला म्हणून फोनवर खोदून विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई मास्तर, अजून एक हंगाम निघंल." मी दुसऱ्या दिवशी निघणार होतो, पण पहाटेच दाजी गेल्याचा फोन आला. त्यांचा मला अजून राग येतो, आणि त्याहून जास्त माझा.

रक्षाविसर्जनाला आक्का आली. बायकांनी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. कृष्णेचा घाट उंच, पायऱ्या झिजलेल्या. कुणाचा हात न धरता ती खाली उतरली, पाण्यात उभी राहिली आणि तशीच वर निघाली. मी दहा पावलं मागं राहून तिची चाल बघत होतो. ती एकाही पायरीवर थांबली नाही. वर पोचल्यावर तिनं पदर हातात घेतला, तोंडाला लावला, आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली.