काचेपलीकडची आई

मला ऐकू येत नाही, जन्मापासून. हे सांगितलं की लोकांचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा होतो, म्हणून आधीच सांगते: त्यामुळे माझं काही अडत नाही. अडतं ते लोकांचं.

मी शाळेत जायच्या आधीच गावाने माझं भविष्य ठरवलं होतं. मुकी आहे, शिलाई मशीन घेऊन द्या. मशीन नाही तर मेणबत्त्या. बहिऱ्यांनीच एवढ्या मेणबत्त्या केल्या तर त्या लावायच्या कुठे, हे कुणी सांगत नाही. आईने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. कान असण्याचा तेवढा फायदा आहे खरा. वडील नोकरीला मुंबईत. आईने एकटीने मला रत्नागिरीला बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं आणि माझ्याबरोबर हातांची भाषा शिकली. भातलावणीचे हात ते, त्यामुळे तिच्या खुणा जरा रांगड्या आहेत.

बारावीनंतर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला. तिथले सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. मी काय त्यांची पाठ वाचू? एक दिवस उठले आणि फळ्याला टेकून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी बसायची खूण केली. मी बसले नाही. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून सर आमच्याकडे तोंड करून बोलायला लागले.

मग एमआयडीसीतल्या एका आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात ऑफिसात जागा निघाली. आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद कॉम्प्युटरवर ठेवायची. मी शिकले होते तेच काम. मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा आई सोबत आली.

काचेच्या केबिनमध्ये दोन साहेब होते. थोरल्या साहेबांनी पहिला प्रश्न आईला विचारला. दुसराही तिलाच. कोर्स माझा, तब्येत माझी, चौकशी आईकडे. मी आपली बाजारातून आणून ठेवलेल्या फणसासारखी खुर्चीत. आई मला खुणेने सांगायची, मी उत्तर द्यायची, आणि साहेब पुन्हा तिच्याकडे बघून, "काय म्हणते ही?" बँकेत, दवाखान्यात, एसटी स्टँडवर, लहानपणापासून हेच. काय म्हणते ही? डोकं फिरलं माझं.

मी आईला खूण केली, तू बाहेर जा. ती क्षणभर घुटमळली. मग साहेबांना म्हणाली, "तिलाच इचारा ना, सायेब. नोकरी तिला पायजे, मला नको." आईचे ओठ मला पाठ आहेत. ती उठून बाहेर गेली.

साहेबांची पंचाईत झाली. आधी त्यांनी मोठ्याने बोलून पाहिलं. त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या. मग कागद ओढून लिहिलं, 'फोन वाजला तर?' मी खाली लिहिलं, 'ज्याला ऐकू येतं तो उचलेल.' धाकटे साहेब हसले. थोरल्यांनी लिहिलं, 'पॅकिंगला जागा आहे, ती देतो.' खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला मी कॉम्प्युटर शिकले नव्हते. 'नको,' मी लिहिलं, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

काचेपलीकडून आईने हातांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. तिने साहेबांना एक सणसणीत शिवी दिली, अर्थात हातांनीच, आणि म्हणाली, चल, दुपारची एसटी चुकेल. मला हसू आवरेना. दोन्ही साहेब एकदा माझ्या हातांकडे, एकदा काचेबाहेर बघत होते. त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

थोरल्या साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'काय म्हणते आई?'

उभ्या जन्मात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं, 'आई म्हणते, आधी कॉम्प्युटरपाशी बसवून बघा.'

गावात म्हणतात, साहेबांचे उपकार. उपकार कसले? त्यांनी बसवलं, मी काम करून दाखवलं. त्या दिवशी दुपारची एसटी चुकली. आता ती रोजच चुकते, कारण मी सहाला सुटते.