दार उचलून उघडणारा

घाटंजीच्या ज्या वाचनालयात मी काम करते, तिथे भुताखेतांची पुस्तकं मी कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात लावते. एकदा एका सभासदाने ती 'सत्यकथा' म्हणून वेगळी लावा असा आग्रह धरला होता, तेव्हा मी त्यांना नम्रपणे नकार दिला. आजही देईन. हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कुठल्या कपाटात लावायचं हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही...

आमचं गाव दारव्ह्यापासून जीपने अर्ध्या तासावर. वडील लवकर गेले. घरी आई आणि माझा धाकटा भाऊ गजानन – गजू. मी नोकरीसाठी घाटंजीला राहायचे, सुट्टीला घरी यायचे. कापसाची ती वाईट वर्षं होती. वेचून आणलेला कापूस लगेच विकायचा नाही, भाव चढेल म्हणून घरातच भरून ठेवायचा, असं गावात सगळेच करत. आमची मागची खोली त्यासाठीच होती. गजू पायाने तुडवून तुडवून कापूस बसवायचा, ढीग त्याच्या छातीपर्यंत यायचा, आणि मग खिडकीखाली त्याच कापसावर तो दुपारचा झोपायचा. अंगाला खाज सुटायची, तरी तिथेच.

त्याला वेड होतं झोंबींच्या सिनेमांचं. दारव्ह्याच्या बाजारातून हिंदीत डब केलेल्या सीडी आणायचा. मेलेली माणसं उठतात, शहरं ओस पडतात, उरलेले चार जण कुठेतरी दार लावून बसतात... मला त्यात काही गोडी नव्हती. पण तो जेवताना सगळी गोष्ट सांगायचा आणि आमच्या घराचा बेतही त्याने करून ठेवला होता.

"ताई, झोंबी आले तं आपुन कापसाच्या खोलीत जाऊ. त्याइले गुडघे वाकवता येत नाई. कमरेवरी फसतीन, मंग वरतून मजा पाहू."

"खातेत काय ते?" आई विचारायची.

"माणसं."

"भाकर देल्ली तं खात नाई?"

"नाई माय."

"कोणी इचारलंच नसन त्याइले."

मग तो हसत सुटायचा. एकदा मात्र तो जरा गंभीर होऊन म्हणाला, "माय, उद्या मी झोंबी झालो तं मले दार उघडजो नोको."

"काहून?"

"मी तुले वळखणार नाई."

"मी तं वळखीन. भुकेला असशीन, उघडीन."

कापसाच्या खोलीचं दार बिजागरीत खाली बसलेलं होतं. ते नुसतं ढकलून उघडत नसे. कडी धरून आधी वर उचलायचं आणि मग गुडघ्याने रेटायचं, ही खुबी आम्हा तिघांनाच ठाऊक. त्या दाराकडे बघून गजू म्हणाला, "बरं, असं करू. दार नुसतं बडवलं, तं तो झोंबी. उचलून उघडलं, तं मीच आहो. झोंबीले आठवण नसते ना."

त्या वर्षी कापूस भरून झाला आणि आठवड्याभरात गजूला ताप आला. त्या दुपारी तो कापसातच कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. तिथून उठवून त्याला यवतमाळला नेलं. चौथ्या दिवशी तो गेला. चोवीस वर्षांचा होता.

कापसात त्याचा खळगा तसाच राहिला.

आई त्याला हात लावू देईना. रोज खोलीत जाऊन ढिगाच्या कडेला बसायची. होळी झाली, गुढीपाडवा झाला, वैशाख लागला. कापूस नेणारे टेम्पोवाले सलीमभाई दोनदा येऊन गेले. मग मला घाटंजीला फोन करून म्हणाले, "बाई, कापूस पिवळा पडून राह्यला. आतून गरम झाला अन पेटला तं? अम्माजी बाजूच्याच खोलीत झोपतेत. समजवा त्याइले."

मी रजा टाकून गेले. कापूस काढायचा आणि आईला घाटंजीला घेऊन यायचं, एवढं ठरवून. तीन दिवस समजावलं. आई एकच वाक्य म्हणायची, "तेथं गजू निजला आहे."

चौथ्या दिवशी सकाळी आई शेजारी गेली होती तेव्हा मी ते केलं. खोलीत गेले आणि तो खळगा पायाने तुडवून बुजवला. गजू तुडवायचा तसाच. मला वाटलं होतं, खळगा नाहीसा झाला की आईचं अडणंही नाहीसं होईल. पुस्तकं वाचणाऱ्या माणसांना असं वाटतं कधीकधी. काम झाल्यावर दार ओढून जागच्या जागी बसवलं आणि बाहेर आले.

आईने परत आल्यावर खोलीत डोकावून पाहिलं.

"तुडवला?"

"हो."

ती दार लावून ओसरीत येऊन बसली. तिने रागावायला हवं होतं.

जेवण झाकून ठेवलेलं तसंच राहिलं. दुपारचे दोन वाजले असतील. लाइट गेली होती, पंखा बंद. झाडाचं पानही हलत नव्हतं. आम्ही दोघी ओसरीत, एकमेकींकडे न बघता.

आणि कडी वाजली.

मग लाकूड वर उचलल्याचा तो आवाज... कर्रकन होणारा, आमच्या ओळखीचा. मग गुडघ्याचा एक दणका. मग दार फरशीला न घासता उघडलं.

मी जागची हलले नाही. आईने मानसुद्धा वळवली नाही. रोज म्हणायची तशी, जरा कुरकुरत्या आवाजात ती म्हणाली –

"चप्पल भाईर काढ. कापसात माती जाते."

बराच वेळ गेला. किती, ते सांगता येणार नाही. मग आई उठली, तिच्यामागे मी. दार सताड उघडं होतं. ढिगावर माझ्या सकाळच्या पावलांचे ठसे जिथल्या तिथे होते, दुसरे कुठलेच नव्हते. आणि खिडकीखाली खळगा होता. कुशीवर झोपलेल्या, गुडघे पोटाशी घेतलेल्या माणसाचा.

मी हात लावून पाहिला, कापूस गरम होता. पण वैशाखात सगळाच कापूस गरम असतो, ते मी पुराव्यात धरत नाही.

आई खळग्यात हात ठेवून बसली. मग म्हणाली, "सलीमभाईले सांग, उद्या टेम्पो आन म्हणा."

"आई..."

"बडवलं नाई वं त्यानं दार," ती म्हणाली. "आता कायले अडवून ठेवू?"

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी झाली. सलीमभाईंनी ढिगाच्या तळापर्यंत हात घालून पाहिलं. "आत काईच झालं नाई, उगाच भेलो आपुन," म्हणाले. म्हणजे तो आम्हाला आगीतून वाचवायला आला होता, असंही म्हणता येत नाही. निजायला आला होता, एवढंच.

मी खूप विचार केला आहे. उन्हाने लाकूड आकसतं, दार आपोआप सुटू शकतं. दाबलेला कापूस पुन्हा फुगतो आणि आधीचा आकार घेतो, असंही असेल. पण वाऱ्याला दार ढकलता येतं, उचलता येत नाही. इथे येऊन माझे सगळे तर्क थांबतात. आपल्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. मी वाद घालणार नाही.

आई आता माझ्याकडे घाटंजीला असते. गजूच्या सीडी मी आणल्या आहेत. रविवारी दुपारी आम्ही दोघी त्यातली एखादी लावतो. दारापुढे मेलेल्यांची गर्दी जमते, सगळे हात वर करून फळ्या बडवत असतात. आई चष्मा लावून जवळ सरकून बसते आणि त्या गर्दीतला एकेक चेहरा, एकेक हात बघत राहते. मीही बघते. एखादा तरी थांबेल, खाली वाकून कडी धरेल, आणि ढकलण्याआधी दार जरासं उचलेल...

अजून तरी कुणी दिसला नाही.